संतचरित्रातील मौन : कोलंबानुसची पत्रे आणि जोनसने लिहिलेले चरित्र

मध्ययुगाच्या आरंभीच्या शतकांतील पश्चिम युरोपचा इतिहास लिहिताना अभ्यासकाला पदोपदी संतचरित्रांचा आधार घ्यावा लागतो. त्या काळातील राजकीय इतिवृत्ते त्रोटक आहेत व अस्सल सनदा थोड्या आहेत. संतांची चरित्रे मात्र विपुल आहेत. तथापि ही चरित्रे इतिहास म्हणून लिहिली गेली नव्हती. मठातील साधकांपुढे आदर्श ठेवणे, मठाच्या संस्थापकाचे माहात्म्य सांगणे आणि त्या योगे मठाची प्रतिष्ठा व हक्क दृढ करणे, हे त्यांचे प्रयोजन होते. त्यामुळे अशा चरित्रातील चमत्कार वगळून उरलेला भाग इतिहास म्हणून स्वीकारावा, अशी एक सोपी पद्धत पुष्कळ काळ रूढ होती. या पद्धतीत एक मोठा दोष आहे. चरित्रकाराने जे सांगितले त्याचीच ती छाननी करते. त्याने जे सांगितले नाही त्याकडे तिचे लक्ष जात नाही.

चरित्रकाराने काय वगळले हे ठरवायचे तर चरित्राबाहेरचे स्वतंत्र साधन हाती असावे लागते. सहाव्या-सातव्या शतकांतील फारच थोड्या संतांच्या बाबतीत असे साधन उपलब्ध आहे. आयरिश मठवासी संत कोलंबानुस हा अशा विरळा उदाहरणांपैकी एक होय. इ. स. ६१५ मध्ये तो निवर्तला. त्यानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी जोनस नावाच्या मठवासीयाने त्याचे चरित्र लिहिले. आणि कोलंबानुसची स्वतःची लॅटिन पत्रेही आज उपलब्ध आहेत. ही दोन साधने शेजारी ठेवून वाचली असता एकाच पुरुषाची दोन चित्रे दिसतात, आणि त्या दोहोंतील अंतर हेच इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन ठरते.

१. चरित्राची रूपरेषा

कोलंबानुसचा जन्म आयर्लंडच्या लेन्स्टर प्रांतात इ. स. ५४० ते ५५० च्या दरम्यान झाला, असे सामान्यतः मानले जाते. तारुण्यात त्याने गृहत्याग केला, तेव्हा माता उंबरठ्यावर आडवी पडली असता तो तिला ओलांडून गेला, असे जोनस सांगतो. सिनेल नावाच्या गुरूपाशी धर्मग्रंथांचे अध्ययन केल्यावर तो उत्तर आयर्लंडमधील बँगोर येथील मठात दाखल झाला. कोमगाल याने स्थापिलेला हा मठ कडक शिस्तीसाठी प्रसिद्ध होता. ईश्वराप्रीत्यर्थ जन्मभूमीचा कायमचा त्याग करून परदेशी राहणे, हा आयरिश मठवासीयांत तपश्चर्येचा सर्वश्रेष्ठ प्रकार गणला जाई. त्या भावनेने कोलंबानुस बारा सहकाऱ्यांसह गॉलमध्ये, म्हणजे फ्रँक राजांच्या प्रदेशात, आला.

व्होज पर्वताच्या पायथ्याशी, बर्गंडीच्या सीमेवरील अरण्यात, त्याने प्रथम आनग्रे येथे वस्ती केली. तेथे जुन्या रोमन किल्ल्याचे अवशेष होते. आरंभी झाडांच्या साली व रानपाला खाऊन दिवस काढावे लागले. शिष्यांची संख्या वाढली तेव्हा लुक्सय येथे दुसरा व फोंतेन येथे तिसरा मठ निघाला. लुक्सय हे रोमन काळी उष्णोदकाच्या स्नानगृहांचे गाव होते. कोलंबानुस आला तेव्हा ते ओसाड पडले होते आणि जुन्या देवमूर्ती रानात उभ्या होत्या.

मठांसाठी त्याने दोन नियमावल्या रचल्या. पहिलीत आज्ञापालन, मौन, मिताहार, निर्धनता, उपासना इत्यादींचे विवेचन आहे. हिवाळ्यातील दीर्घ रात्री, शनिवार-रविवारच्या उपासनेत, पंचाहत्तर स्तोत्रे म्हणावीत असे तीत सांगितले आहे. साधकाने इतके श्रमून शय्येकडे जावे की चालतानाच त्याला डुलकी लागावी, आणि झोप पुरी होण्यापूर्वीच त्याला उठावे लागावे, अशी तिची अपेक्षा आहे. दुसऱ्या नियमावलीत दोषांनुसार शिक्षा ठरविल्या आहेत. उदाहरणार्थ, जेवताना चमच्यावर क्रुसाची खूण न करणाऱ्यास सहा फटके. या शिस्तीबरोबरच त्याने आणखी एक आयरिश प्रथा गॉलमध्ये रुजविली. पूर्वीच्या ख्रिस्ती परंपरेत महापातकाचे प्रायश्चित्त जाहीर रीतीने व सामान्यतः आयुष्यात एकदाच घेता येई. आयरिश पद्धतीत धर्मगुरूपुढे एकांतात पापनिवेदन करून, ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे, पुनःपुन्हा प्रायश्चित्त घेण्याची सोय होती. कोलंबानुसच्या नावाने प्रसिद्ध असलेली प्रायश्चित्तसंहिता याच परंपरेतील आहे. लुक्सयकडे सरदार घराण्यांतील लोकांची रीघ लागली, त्यास ही सोय मोठ्या प्रमाणात कारण झाली.

इ. स. ६१० मध्ये बर्गंडीचा राजा दुसरा थ्यूडेरिक व त्याची आजी ब्रुनहिल्ड यांच्याशी झालेल्या संघर्षामुळे कोलंबानुसला हद्दपार करण्यात आले. आयर्लंडला जाणाऱ्या जहाजावर चढविण्यासाठी त्याला नांत बंदरापर्यंत नेले गेले. परंतु तो आयर्लंडला पोचलाच नाही. क्लोथार व थ्यूडेबर्ट या अन्य फ्रँक राजांचा आश्रय घेत तो ऱ्हाईन नदीच्या मार्गाने कॉन्स्टन्स सरोवराकाठी ब्रेगेन्झ येथे गेला. इ. स. ६१२ मध्ये थ्यूडेबर्टचा पराभव होऊन तो प्रदेशही थ्यूडेरिकच्या हाती गेल्यावर आल्प्स ओलांडून तो लाँबर्ड राजा आजिलुल्फ याच्या राज्यात उतरला. ट्रेबिया नदीच्या खोऱ्यात बोब्बिओ येथे, संत पेत्राच्या एका पडक्या मंदिराभोवती, त्याने आपला शेवटचा मठ वसविला आणि तेथेच २३ नोव्हेंबर ६१५ रोजी देह ठेवला.

२. चरित्रकार जोनस

वरील रूपरेषेतील बहुतेक तपशील जोनसच्या ग्रंथावर आधारलेला आहे. जोनस हा आल्प्सच्या पायथ्याच्या सुसा गावचा. कोलंबानुसच्या मृत्यूनंतर सुमारे तीन वर्षांनी तो बोब्बिओच्या मठात दाखल झाला. म्हणजे चरित्रनायकाला त्याने पाहिले नव्हते. मठाधिपती आत्ताला व त्यानंतरचा मठाधिपती बर्तुल्फ यांचा तो लेखनिक होता. बर्तुल्फच्या सांगण्यावरून त्याने चरित्र हाती घेतले व इ. स. ६४० च्या सुमारास, दोन भागांत, ते पुरे केले. पहिला भाग कोलंबानुसविषयी असून दुसरा त्याच्या शिष्यांविषयी आहे. ग्रंथ अर्पण केला आहे तो लुक्सयचा मठाधिपती वाल्डेबर्ट व बोब्बिओचा मठाधिपती बोबोलेनुस या दोघांस. अर्थात् हा ग्रंथ एका भक्ताने एकांतात केलेली रचना नसून दोन मोठ्या संस्थांनी स्वीकारलेला त्यांच्या संस्थापकाचा वृत्तांत आहे.

जोनस हा बेजबाबदार लेखक नव्हे. आपल्या कथा कोणाकडून ऐकल्या हे तो अनेक ठिकाणी नाव घेऊन सांगतो. रानातील खार कोलंबानुसच्या अंगाखांद्यावर खेळत असे, ही आठवण त्याने चाग्नोआल्ड या शिष्याच्या मुखाने दिली आहे. एक मासेमारीची कथा त्याने खुद्द गाल या शिष्याकडून ऐकली होती. असे असूनही त्याच्याकडून साध्या चुका झाल्या आहेत. कोलंबानुस गॉलमध्ये आला तेव्हा सिगिबर्ट राजा राज्य करीत होता, असे तो लिहितो. सिगिबर्टचा वध इ. स. ५७५ मध्येच झाला होता. कोलंबानुसने इ. स. ६०३ मध्ये गॉलच्या बिशपांना लिहिलेल्या पत्रात आपण या अरण्यात बारा वर्षे राहत आहोत असे म्हटले आहे. त्यावरून त्याचे आगमन ५९०-९१ च्या सुमारास झाले असे निश्चित होते. येथे पत्राने चरित्राची दुरुस्ती केली आहे. अशी चूक ऐकीव माहितीमुळे होऊ शकते व तिच्यामागे हेतू शोधण्याचे कारण नाही. यापुढे ज्या तीन प्रसंगांचा विचार करावयाचा आहे त्यांचे स्वरूप मात्र वेगळे आहे.

३. पहिले मौन : ईस्टरचा वाद

ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा सण, म्हणजे ईस्टर, यहुदी वल्हांडण सणाच्या काळाशी निगडित असल्याने त्याचा दिवस चंद्राच्या तिथीवरून ठरतो. मात्र तो रविवारी यावा लागतो. सौर वर्ष, चांद्र मास व आठवडा या तिन्हींचा मेळ घालण्यासाठी निरनिराळी कोष्टके प्रचारात होती. आयरिश लोक ८४ वर्षांचे चक्र वापरीत व चांद्रमासाच्या १४ व्या ते २० व्या तिथीपर्यंत येणारा रविवार ग्राह्य मानीत. गॉलमध्ये व्हिक्टोरियस याने इ. स. ४५७ मध्ये तयार केलेले ५३२ वर्षांचे कोष्टक मान्य होते. त्यात ही मर्यादा १६ व्या ते २२ व्या तिथीपर्यंत होती. परिणामी काही वर्षी लुक्सयच्या मठात पुनरुत्थानाचा उत्सव चालू असताना शेजारच्या गावांतील चर्चमध्ये उपवासकाळ संपलेला नसे. (आयरिश कोष्टक दीर्घकाळ लुप्त समजले जात होते, १९८० च्या दशकात पादुआ येथील एका हस्तलिखितात ते सापडल्यामुळे या वादाचे गणित आता प्रत्यक्ष तपासता येते.)

हा वाद कोलंबानुसच्या दृष्टीने किती गंभीर होता हे त्याच्या पत्रांवरून स्पष्ट होते. इ. स. ६०० च्या सुमारास त्याने पोप पहिला ग्रेगरी यास लिहिले. पत्राचा सूर आदराचा आहे. ग्रेगरीचा धर्मपालांच्या कर्तव्यांवरील ग्रंथ आपण वाचला असल्याचे सांगून यहेज्केल संदेष्ट्यावरील त्याची प्रवचने तो मागतो. परंतु मूळ मुद्द्यावर तो माघार घेत नाही. आयर्लंडच्या गणितज्ञ विद्वानांनी व्हिक्टोरियसचे कोष्टक उपहासास पात्र ठरविले आहे, असे तो बजावतो. पूर्वीचा पोप लिओ याच्या निर्णयाचा आधार घेतला जाईल हे ओळखून, मेलेल्या सिंहापेक्षा जिवंत कुत्रा बरा, या बायबलमधील वचनाचा तो खोचक उपयोग करतो; लिओ या नावाचा अर्थच सिंह असल्यामुळे कोटी नेमकी बसते.

इ. स. ६०३ च्या सुमारास गॉलच्या बिशपांनी धर्मसभा भरवून त्याला बोलाविले. तो गेला नाही. त्याने पत्र पाठविले. आपल्या निमित्ताने सभा भरली याचा आनंद आहे, अशा सभा तुम्ही अधिक वेळा भरवाव्यात, असा टोमणा त्यात आहे. पण त्याच पत्रात एक करुण विनंतीही आहे : या अरण्यात, आपल्या सतरा दिवंगत बंधूंच्या अस्थींजवळ, आपणांस मूकपणे राहू द्यावे. बारा वर्षांत सतरा मृत्यू! जोनसच्या चरित्रात उपासमारीच्या प्रत्येक प्रसंगी कोणीतरी धान्याचे ओझे घेऊन वेळेवर येऊन पोचतो. ही सतरा थडगी त्या कथांत कोठेही दिसत नाहीत.

कोलंबानुसचा हा आग्रह दूरवर माहीत होता. कँटरबरीचा आर्चबिशप लॉरेन्शियस याने आयरिश धर्मगुरूंना लिहिलेल्या पत्रात गॉलमधील मठाधिपती कोलंबानुसचा उल्लेख करून, आयरिश लोकांचे आचार ब्रिटनांपेक्षा वेगळे नाहीत हे आपणांस त्याच्यावरून समजले, असे म्हटले आहे. इंग्लंडचा इतिहासकार बीड याने हे पत्र उद्धृत केले आहे. अशा रीतीने ज्या वादाची वार्ता समुद्रापलीकडे पोचली होती, त्याविषयी जोनसच्या ग्रंथात एक शब्दही नाही. ब्रुनहिल्डने बिशपांना कोलंबानुसच्या आचाराविरुद्ध चिथावले, एवढेच तो लिहितो. बिशपांचा आक्षेप काय होता, हे त्यावरून वाचकाला कळत नाही.

४. दुसरे मौन : नांत बंदरातील सुटका

राजघराण्याशी झालेल्या संघर्षाचे वर्णन हा जोनसच्या ग्रंथाचा सर्वांत नाट्यमय भाग आहे. थ्यूडेरिकने विवाह न करता उपपत्नी ठेवल्या होत्या. ब्रुनहिल्डने त्यांच्यापासून झालेले पुत्र आशीर्वादासाठी पुढे आणले असता कोलंबानुसने तो नाकारला व हे पुत्र राजदंड धारण करणार नाहीत असे भविष्य सांगितले. यानंतर राजाने मठाच्या अंतर्भागात सर्वांना प्रवेश मिळावा अशी मागणी केली; कोलंबानुसने तीही धुडकावली. जोनस ब्रुनहिल्डला दुसरी ईजबेल म्हणतो. बायबलमध्ये एलिया संदेष्ट्याचा छळ करणाऱ्या राणीचे हे नाव आहे.

या वर्णनामागील काळ लक्षात घेतला पाहिजे. इ. स. ६१३ मध्ये दुसरा क्लोथार सर्व फ्रँक राज्यांचा स्वामी झाला. त्याने ब्रुनहिल्डला हाल करून ठार केले व थ्यूडेरिकच्या काही पुत्रांनाही नष्ट केले. जोनस लिहीत होता तेव्हा क्लोथारचाच वंश सिंहासनावर होता. म्हणून ब्रुनहिल्डची निंदा करण्यात धोका नव्हता. उलट तिच्या वंशाचा नाश एका संताने आधीच वर्तविला होता, ही गोष्ट राज्यकर्त्यांना सोयीची होती. संघर्ष खरा होता यात संशय नाही. परंतु बिशपांशी असलेला वाद चरित्रातून काढून टाकल्यामुळे हद्दपारीचे सारे उत्तरदायित्व एका पराभूत राणीवर येऊन पडले.

नांत येथील प्रसंगी तर दोन्ही साधने एकाच ठिकाणावर व एकाच समयावर येऊन भेटतात. जोनसच्या कथनानुसार, आयर्लंडशी व्यापार करणाऱ्या जहाजावर मठवासीयांचे सामान चढविल्यावर प्रचंड लाटेने जहाज किनाऱ्यावर फेकले गेले. तीन दिवस ते तेथेच रुतून राहिले. अखेर कप्तानाने सामान उतरविताच ते पुन्हा पाण्यावर तरंगू लागले. कोलंबानुसने परत जाऊ नये अशी ईश्वरेच्छा आहे, हे सर्वांनी ओळखले.

कोलंबानुसने याच वेळी, याच बंदरातून, लुक्सयमधील शिष्यांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. ते बहुधा एका बैठकीत लिहिले गेले असून त्यात विचारांची ओढाताण दिसते. मठाचा भार आत्तालाने घ्यावा, पण जिवाला धोका वाटल्यास त्याने निघून यावे. बंधूंनी एकत्र राहावे, पण मन नसेल त्याला अडवू नये. असे परस्परविरोधी आदेश त्यात एकामागून एक येतात. आपल्या पश्चात ईस्टरच्या प्रश्नावरून शिष्यांत फूट पाडली जाईल, ही भीती तो बोलून दाखवितो. शेवटी तो लिहितो की, लेखन चालू असतानाच जहाज तयार होत असल्याचा निरोप आला आहे. मात्र आपण पळून गेलो तर कोणी पहारेकरी अडविणार नाही, किंबहुना आपण पळावे अशीच त्यांची इच्छा दिसते.

हे पत्र लाटेच्या कथेपूर्वीचे असल्याने त्या कथेचे खंडन करण्यासाठी ते वापरता येणार नाही. वादळ झाले असेल, जहाज रुतलेही असेल. परंतु सुटकेचा मार्ग आधीच मोकळा होता व तो स्थानिक अधिकाऱ्यांच्या डोळेझाकीमुळे मोकळा होता, एवढे त्यावरून निश्चित कळते. राजाज्ञेने हद्दपार झालेला मनुष्य राज्यातच कसा राहिला, या अडचणीच्या प्रश्नाचे उत्तर चरित्रात समुद्राने दिले आहे, तर पत्रात ते पहारेकऱ्यांनी दिले आहे. पत्रातील कोलंबानुस अश्रू आवरून लिहीत आहे व आपल्या निर्णयाविषयी साशंक आहे; चरित्रातील कोलंबानुसला शंका शिवत नाही.

५. तिसरे मौन : पोपला लिहिलेले पत्र

इटलीत आल्यावर कोलंबानुस एका जुन्या धर्मवादात ओढला गेला. ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयीच्या मतभेदांतून सम्राट जस्टिनियनने तीन ग्रंथकारांच्या लेखनाचा निषेध करविला होता, व इ. स. ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेने त्यास मान्यता दिली होती. ‘तीन प्रकरणे’ या नावाने हा वाद ओळखला जातो. या निषेधामुळे इ. स. ४५१ च्या काल्सेडनच्या धर्मसभेचा अवमान होतो असे मानून उत्तर इटलीतील अनेक बिशपांनी रोमशी संबंध तोडले होते. लाँबर्ड राणी थिओडेलिंडा हिची सहानुभूती याच बिशपांकडे होती.

राजा आजिलुल्फच्या विनंतीवरून कोलंबानुसने इ. स. ६१३ च्या सुमारास पोप चौथा बॉनिफेस यास प्रदीर्घ पत्र लिहिले. आयरिश लोक जगाच्या टोकाला राहत असले तरी पेत्र व पौल यांचेच शिष्य आहेत, रोमकडून मिळालेला विश्वास त्यांनी अढळ राखला आहे, असे सांगून तो पोपला जागे होण्याचा इशारा देतो. पूर्वीचा पोप व्हिजिलियस याच्या नावात जागरूकतेचा अर्थ आहे. तो मात्र जागरूक राहिला नाही, असा शब्दखेळ तो करतो. आपल्या नावाविषयीही तो कोटी करतो : आपल्या लॅटिन नावाचा अर्थ कबुतर, त्यालाच हिब्रूत योना व ग्रीकमध्ये पेरिस्तेरा म्हणतात. रोमचा मान तिच्या शुद्ध विश्वासावर अवलंबून आहे व तो ढळल्यास हा मानही टिकणार नाही, हा या पत्राचा गाभा आहे. पोपविषयी निष्ठा व पोपला जाब विचारण्याचे स्वातंत्र्य या दोन गोष्टी त्याच्या मनात परस्परविरोधी नव्हत्या.

जोनसच्या ग्रंथात या पत्राचा उल्लेख नाही. कोलंबानुसने मिलानमध्ये एरियसपंथी पाखंडाविरुद्ध लेखन केले, इतकेच तो सांगतो. सर्वमान्य पाखंडाविरुद्ध लढणारा संत चरित्रात राहिला. पोपशी वाद घालणारा संत नाहीसा झाला.

६. मौनाची कारणे

हे तिन्ही विषय जोनसला ठाऊक नसावेत असे मानता येत नाही. तो बोब्बिओतच वाढला होता, दोन मठाधिपतींचा लेखनिक होता, आणि कोलंबानुसचे प्रत्यक्ष शिष्य त्याच्या परिचयाचे होते. म्हणून कारण शोधावयाचे ते कोलंबानुसच्या आयुष्यात न शोधता इ. स. ६१५ ते ६४० या काळात शोधले पाहिजे.

कोलंबानुसच्या पश्चात त्याच्या मठांना स्थैर्य मिळवून देण्याचे काम शिष्यांवर पडले. बोब्बिओत आत्तालाच्या कडक शिस्तीविरुद्ध बंड झाले. लुक्सयमध्ये आग्रेस्टियस हा, पूर्वी थ्यूडेरिकच्या सेवेत असलेला मठवासी, नियमावलीविरुद्ध उभा राहिला. इ. स. ६२६-२७ च्या सुमारास माकों येथील धर्मसभेत मठाधिपती युस्टेसियसला बचाव करावा लागला. जोनसने नोंदविलेले आक्षेप असे : चमच्यावर वारंवार क्रुसाची खूण करणे, घरात येता-जाता आशीर्वाद मागणे, उपासनेत जादा प्रार्थना घालणे. चमच्याचा नियम कोलंबानुसच्या नियमावलीत खरोखरच आहे, हे वर आलेच आहे. म्हणजे जोनसचा हा वृत्तांत निराधार नाही. तरीही या यादीत ईस्टर नाही. क्षुल्लक वाटणारे आक्षेप नोंदवून त्यांचे खंडन करता येत होते. ईस्टरच्या बाबतीत संस्थापकाचे समर्थन करणे आता शक्य नव्हते. त्याच्या मठांनी या सुमारास आयरिश गणना सोडून दिली होती.

इ. स. ६२८ मध्ये बर्तुल्फ रोमला गेला, व त्याच्या सोबत जोनसही होता. पोप पहिला ऑनोरियस याच्याकडून त्यांनी बोब्बिओसाठी एक अधिकारपत्र मिळविले. त्यामुळे स्थानिक बिशपाच्या हस्तक्षेपापासून मठ मुक्त होऊन प्रत्यक्ष पोपच्या संरक्षणाखाली आला. याच ऑनोरियसने आयरिश लोकांना ईस्टरच्या प्रश्नावर समज दिली होती, आणि इ. स. ६४० मध्ये, म्हणजे चरित्र लिहिले जात असतानाच, उत्तर आयर्लंडच्या धर्मगुरूंना रोमहून पुन्हा तशाच आशयाचे पत्र गेले. उत्तर इटलीतील ‘तीन प्रकरणां’ची फूटही तोवर मिटली नव्हती, ती मिटण्यास सातव्या शतकाचा शेवट उजाडावा लागला. अशा परिस्थितीत, ज्या मठाचे स्वातंत्र्य पोपच्या अधिकारपत्रावर उभे होते त्याच्या संस्थापकाने दोन पोपांशी वाद घातला होता, हे नमूद करणे म्हणजे शिष्यांनी कष्टाने मिळविलेले संरक्षण धोक्यात घालणे होते.

जोनसच्या मौनाचा अर्थ या भूमिकेवरून लावला म्हणजे ते केवळ अप्रामाणिकपणाचे लक्षण राहत नाही. त्याच्यापुढे एक खरा पेच होता. गुरूचा आचार जसाच्या तसा सांगावा तर गुरूने उभारलेली संस्था संकटात येते. संस्था राखावी तर गुरूच्या आयुष्यातील ज्या गोष्टीसाठी त्याने सर्वाधिक झगडा केला तीच पुसावी लागते. त्याने दुसरा मार्ग पत्करला. व्यवहारदृष्ट्या त्याला यश आले. लुक्सयच्या प्रेरणेने फ्रँक सरदारांनी व राजस्त्रियांनी अनेक मठ स्थापिले. राणी बाल्थिल्डने सातव्या शतकाच्या मध्यानंतर स्थापिलेल्या कॉर्बीच्या मठात पहिले मठवासी लुक्सयहूनच गेले. या मठांतून कोलंबानुस व बेनेडिक्ट यांच्या नियमांचे मिश्रण रूढ झाले, आणि पुढे बेनेडिक्टची अधिक समतोल नियमावलीच सर्वत्र टिकली.

७. उपसंहार

या तुलनेवरून अभ्यासकाला काही पथ्ये घेता येतात. संतचरित्र वाचताना चरित्रनायकाच्या काळाइतकाच चरित्रलेखनाचा काळ विचारात घेतला पाहिजे, आणि ग्रंथ कोणाच्या सांगण्यावरून, कोणासाठी लिहिला गेला हे आधी पाहिले पाहिजे. चमत्कारकथा सरसकट टाकून देण्याऐवजी ती नेमकी कोणत्या प्रश्नाच्या जागी येते हे तपासावे. नांतची लाट हे त्याचे उदाहरण आहे. तसेच मौनावरून अनुमान काढण्याचा अधिकार तेव्हाच प्राप्त होतो, जेव्हा स्वतंत्र साधनामुळे त्या मौनाच्या कडा निश्चित करता येतात. कोलंबानुसची पत्रे नसती तर जोनसच्या ग्रंथात काही गहाळ आहे अशी शंकाही कोणास आली नसती. ज्या असंख्य संतांची पत्रे उरलेली नाहीत त्यांच्या चरित्रांविषयी निष्कर्ष काढताना ही गोष्ट ध्यानी ठेवणे इष्ट होय.

पत्रे शिल्लक कशी राहिली, हेही येथे नमूद केले पाहिजे. बोब्बिओच्या मठाने पुढील शतकांत एक समृद्ध ग्रंथसंग्रह जोपासला. सिसेरोच्या राज्यविषयक ग्रंथाचा मोठा भाग आज उपलब्ध आहे तो याच संग्रहातील एका हस्तलिखितामुळे. मूळ मजकूर खरवडून त्याच पानांवर संत ऑगस्टीनचा ग्रंथ लिहिला गेला होता, व १८१९ मध्ये आंजेलो माई याने तो पुसट मजकूर शोधून काढला. कोलंबानुसच्या पत्रांची प्राचीन प्रतही बोब्बिओतच होती. ती प्रत पुढे हरवली; पण तत्पूर्वी सतराव्या शतकात तिच्या नकला करण्यात आल्या होत्या, आणि आयरिश फ्रान्सिस्कन पॅट्रिक फ्लेमिंग याने केलेले संपादन त्याच्या मृत्यूनंतर १६६७ मध्ये लूव्हाँ येथे छापले गेले. जी. एस. एम. वॉकर यांची १९५७ ची आवृत्ती आजही अभ्यासकांच्या नित्य उपयोगाची आहे.

ज्या मठाच्या आज्ञेने संस्थापकाचे चरित्र लिहिताना त्याचे वाद गाळले गेले, त्याच मठाने त्या वादांची पत्रे हजार वर्षे जपून ठेवली. चरित्र सर्वांनी वाचावे म्हणून लिहिले होते. पत्रे कपाटात राहिली. तथापि ती नष्ट करावीत असे बोब्बिओतील कोणाही मठाधिपतीस वाटले नाही.